अमेरिकेत मुलावर फेलनीचा आरोप आला असता: पहिले काही दिवस, वकील आणि व्हिसा

नाशिकच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा एच-वन-बी व्हिसावर कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे सॉफ्टवेअर अभियंता म्हणून नोकरी करतो. शुक्रवारी रात्री पती-पत्नीतील भांडण विकोपाला गेले, सुनेने ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन केला आणि पोलिसांनी मुलाला राज्याच्या दंडसंहितेच्या कलम २७३.५ खाली, म्हणजे जोडीदाराला शारीरिक इजा केल्याबद्दल, फेलनीच्या, म्हणजे गंभीर वर्गातील गुन्ह्याच्या, आरोपावरून अटक केली. सून आता तक्रार मागे घ्यायला तयार आहे असे ते लिहितात. मुलाने चूक कबूल करून मोकळे व्हावे का, वकील खासगी करावा की न्यायालयाकडून मिळणारा घ्यावा, व्हिसाचे काय होईल आणि आई-वडिलांनी लगेच तिकडे जावे का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. मी याच राज्यात फौजदारी बचावाचे काम करतो, त्यामुळे उत्तर कॅलिफोर्नियाच्या कायद्यापुरते आहे. टेक्सास किंवा न्यू जर्सीत कलमे आणि मुदती वेगळ्या असतील. कागदपत्रे न पाहता दिलेली ही सर्वसाधारण माहिती आहे, तिला तुमच्या प्रकरणातील कायदेशीर सल्ला समजू नये.

आपण न विचारलेल्या एका गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण ती आजच पाळायची आहे. आपण, मुलाच्या आईने, मामांनी किंवा कोणाही नातेवाइकाने सुनेला फोन करून 'पोलिसांना काय सांगायचे' याविषयी एक शब्दही बोलू नये आणि तिच्या माहेरच्यांकडूनही तसा निरोप पाठवू नये. साक्षीदाराला साक्ष देण्यापासून किंवा तक्रार करण्यापासून परावृत्त करणे हा कलम १३६.१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि परिस्थितीनुसार तोही फेलनी ठरतो. 'घरातले भांडण घरात मिटवू' असा व्हॉट्सअ‍ॅपवरील एक संदेश सरकारी पक्षाच्या हाती पडला, तर मूळ प्रकरणापेक्षा तोच जास्त नडतो. मुलगा तुरुंगातून घरी फोन करील, तेव्हा तो फोन ध्वनिमुद्रित होत असतो आणि तशी सूचनाही फोनच्या सुरुवातीलाच ऐकवली जाते. तरीही माणसे मराठीत बोललो म्हणजे कोणाला कळणार नाही या समजुतीवर मन मोकळे करतात. सरकारी पक्षाला दुभाषा मिळायला अवघड जात नाही.

आपल्याकडील अनुभवावरून येथे गल्लत होते, हे मला समजते. महाराष्ट्रात ४९८-अ खाली, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली, गुन्हा दाखल झाला आणि पुढे दोन्ही घरांत समझोता झाला, तर दोन्ही पक्ष संमतीने मुंबई उच्च न्यायालयात जातात आणि एफआयआर रद्द होऊ शकतो. त्यामुळे सुनेचे मन वळवले की प्रकरण संपले, असे गृहीत धरले जाते. कॅलिफोर्नियात तशी वाट नाही. खटला 'कॅलिफोर्निया राज्याची जनता विरुद्ध आरोपी' या नावाने चालतो, आणि तो चालवायचा की सोडायचा हे काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी, म्हणजे मुख्य सरकारी वकील, ठरवतो. पत्नी त्यात पक्षकार नसते, साक्षीदार असते, त्यामुळे तिने 'मागे घेण्यासारखे' काही उरतच नाही. तिने साक्ष देण्यास नकार दिला, तर कौटुंबिक हिंसाचाराच्या पीडितेला त्यासाठी तुरुंगात टाकता येत नाही, हे खरे. पण खटला तेवढ्याने कोसळत नाही. ९११ वरील तिच्या फोनचे मुद्रण, पोलिसांच्या छातीवरील कॅमेऱ्याचे चित्रण, इजेची छायाचित्रे आणि शेजाऱ्यांचा जबाब एवढ्यावरही सरकारी पक्ष उभा राहतो. मदत मागण्यासाठी त्या क्षणी केलेले बोलणे साक्षीदार न्यायालयात आला नाही तरी ज्यूरीपुढे मांडता येते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये 'डेव्हिस विरुद्ध वॉशिंग्टन' या निकालात सांगितले आहे.

मी बचाव पक्षाचा वकील असलो तरी आणखी एक सांगणे मला आवश्यक वाटते. त्या रात्री काय झाले हे आपल्याला मुलाच्या तोंडून कळले आहे, सुनेच्या तोंडून नाही. तिचा एच-फोर, म्हणजे जोडीदार म्हणून मिळालेला, व्हिसा आपल्या मुलाच्या व्हिसावर अवलंबून आहे. ती 'मागे घेते' म्हणते त्यामागे मनापासूनची इच्छा आहे की घर आणि देश दोन्ही सुटण्याची भीती, हे आपण ठरवू शकत नाही. डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीच्या कार्यालयात पीडितांना मदत करणारे कर्मचारी असतात, आणि छळ झालेल्या जोडीदारांसाठी इमिग्रेशन कायद्यात वेगळ्या तरतुदीही आहेत. तिला स्वतंत्र वकिलाचा सल्ला मिळावा. मुलाचा वकील तिला सल्ला देऊ शकत नाही, कारण दोघांचे हित येथे एक नाही.

आता फेलनी म्हणजे काय ते पाहू. भारतात गुन्ह्यांची विभागणी दखलपात्र-अदखलपात्र आणि जामीनपात्र-अजामीनपात्र अशी, म्हणजे मुख्यतः पोलिसांच्या आणि न्यायालयाच्या अधिकारांवरून केली जाते. अमेरिकेत ती शिक्षेच्या कमाल मर्यादेवरून होते. कॅलिफोर्नियात साधारणपणे ज्या गुन्ह्याला राज्याच्या कारागृहाची शिक्षा होऊ शकते तो फेलनी, आणि ज्याला फार तर काउंटीच्या तुरुंगात ३६४ दिवस ठेवता येते तो मिसडिमीनर. दोहोंच्या मध्ये असा एक मोठा वर्ग आहे की जो गुन्हा सरकारी पक्ष दोन्हींपैकी कोणत्याही प्रकारे दाखल करू शकतो. येथील वकील त्याला 'वॉबलर' म्हणतात. कलम २७३.५ वॉबलर आहे: फेलनी ठरल्यास राज्याच्या कारागृहात दोन, तीन किंवा चार वर्षे आणि सहा हजार डॉलरपर्यंत दंड, सौम्य बाजूने गेल्यास मिसडिमीनर. इजा गंभीरच असावी लागते असे नाही, दंडावरचा वळ किंवा लालसर खूणही पुरते. तसेच अटक फेलनीसाठी झाली म्हणजे आरोपपत्रही फेलनीचेच येईल, असे नाही. पोलीस अटक करतात, पण आरोप कोणता ठेवायचा किंवा ठेवायचाच का, हे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी ठरवतो. अटक आणि आरोप यांमधल्या थोड्या दिवसांत चांगला वकील सर्वाधिक उपयोगी पडतो, कारण आरोप दाखल होण्यापूर्वीच तो सरकारी पक्षापुढे वस्तुस्थिती मांडू शकतो. पुढे दंडसंहितेच्या कलम १७(ब) खाली न्यायाधीशही वॉबलर गुन्हा मिसडिमीनर करू शकतात, पण त्यावर विसंबून सुरुवातीचे दिवस वाया घालवू नयेत.

कोठडीतील आरोपीला ४८ तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभे करावे लागते, मात्र त्यात रविवार आणि सुटीचे दिवस धरत नाहीत आणि मुदत न्यायालय बंद असताना संपली तर ती पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत लांबते. त्यामुळे शुक्रवारी रात्री अटक झालेला माणूस सोमवारी किंवा मंगळवारी सॅन होजेतील हेडिंग स्ट्रीटवरच्या न्यायालयात दिसेल. या पहिल्या हजेरीला अरेनमेंट म्हणतात. त्या वेळी आरोप वाचून दाखवला जातो, जामिनाचा विचार होतो, आणि अशा प्रकरणात आरोपीने पत्नीपासून दूर राहावे असा संरक्षण आदेश जवळजवळ हमखास निघतो. त्या दिवशी 'नॉट गिल्टी' म्हणणे हा नेहमीचा शिरस्ता आहे. ती उर्मट भूमिका नाही, खोटे बोलणेही नाही. सरकारने आपले म्हणणे सिद्ध करावे एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर प्राथमिक सुनावणी, तिथे पुरेसा पुरावा आढळला तर पुढचे आरोपपत्र, आणि त्यावरील हजेरीपासून ६० दिवसांच्या आत बारा जणांच्या ज्यूरीपुढे खटला, असा क्रम असतो. आरोपीने मुदतीचा हक्क सोडल्यास हे सर्व पुष्कळ लांबते, आणि पुरावा तपासायला वेळ मिळावा म्हणून तो हक्क बरेचदा सोडलाही जातो. प्राथमिक सुनावणीत पीडितेने सांगितलेली हकीकत पोलीस अधिकारीच साक्षीत सांगू शकतो, त्यामुळे 'ती आलीच नाही तर केस उडेल' हा हिशेब येथेही चुकतो.

संरक्षण आदेशाविषयी नेमकेपणाने लिहितो, कारण चांगली शिकलेली मुले येथे अडकतात. अटकेच्या रात्री पोलीस न्यायाधीशांकडून फोनवरच तातडीचा आदेश घेऊ शकतात. तो न्यायालयाच्या कामकाजाचे पाच दिवस किंवा सात दिवस, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत चालतो. अरेनमेंटच्या वेळी फौजदारी न्यायालय नवा आदेश देते आणि तो खटला चालू असेपर्यंत राहतो. आदेश 'संपर्क नाही' असा असेल, तर मुलाला स्वतःच्या घरी जाता येत नाही, मग भाडेकरारावर नाव त्याचे असले तरी. लॅपटॉप आणि पासपोर्ट आणायचे असतील, तर पोलिसांना बरोबर येण्याची विनंती करून एकदाच जाऊन आणावे लागतात. आदेश मुलावर बंधनकारक असतो, पत्नीवर नाही. म्हणजे तिने स्वतः फोन केला आणि त्याने तो उचलून 'विजेचे बिल भरले का' एवढेच विचारले, तरी आदेश त्याने मोडला असे होते. शिवाय इमिग्रेशन कायद्यात संरक्षण आदेशाचा काही विशिष्ट प्रकारे झालेला भंग हे हद्दपारीचे स्वतंत्र कारण आहे, आणि त्यासाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, न्यायालयाला तसा भंग आढळला एवढे पुरते. पत्नीलाही संपर्क हवा असेल, तर तिने स्वतः न्यायालयाला सांगावे. न्यायाधीश आदेश सौम्य करून 'शांततापूर्ण संपर्क' मान्य करू शकतात. तोपर्यंत पूर्ण अंतर ठेवावे.

पोलिसांशी बोलण्याबाबत माझे मत अगदी टोकाचे आहे, आणि ते मी बदलणार नाही: मुलाने काहीही सांगू नये. 'मिरांडा' या १९६६ च्या निकालापासून कोठडीतील चौकशीपूर्वी गप्प राहण्याच्या आणि वकिलाच्या हक्काची जाणीव पोलिसांनी आरोपीला करून द्यावी लागते. पण नुसते गप्प बसल्याने तो हक्क वापरला असे होत नाही. २०१० च्या 'बर्गहुइस विरुद्ध थॉम्पकिन्स' निकालानुसार तो स्पष्ट शब्दांत मागावा लागतो. 'मला वकील हवा आहे आणि मी काही बोलणार नाही' ही दोन वाक्ये पुरेशी आहेत. सभ्यपणे समजावून सांगितले की साहेब ऐकून घेतील, ही आपली सवय असते. मुलगा म्हणतो, 'मी फक्त तिचा हात धरून तिला बाजूला केले,' आणि सरकारी पक्षाला जे सिद्ध करणे कठीण गेले असते, ते त्याच्याच तोंडून मिळते. घरी सुटून आल्यानंतरही सावध राहावे, कारण तपास अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून पत्नीने केलेला फोन कायदेशीररीत्या ध्वनिमुद्रित होऊ शकतो.

वकिलाविषयी. 'गिडियन विरुद्ध वेनराइट' या १९६३ च्या निकालाने फेलनीच्या आरोपीला परवडत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क सर्व राज्यांत मान्य झाला. सॅन होजेत ते काम सांता क्लारा काउंटीचे पब्लिक डिफेंडर कार्यालय करते. फुकटचा वकील म्हणजे नवखा, हा समज सोडावा. ती माणसे रोज त्याच न्यायाधीशांपुढे आणि त्याच सरकारी वकिलांपुढे उभी राहतात, आणि अनेक खासगी वकिलांपेक्षा त्यांचा खटल्यांचा अनुभव मोठा असतो. अडचण एवढीच की त्यांच्याकडे प्रकरणे फार असतात आणि पात्रता उत्पन्नावर ठरते. सॉफ्टवेअर अभियंत्याच्या पगारावर ती बहुधा मिळणार नाही. पहिल्या हजेरीला खासगी वकील ठरला नसेल तर न्यायाधीशांकडे त्यासाठी तारीख मागता येते. घाईघाईने कोणाला तरी पैसे देऊन टाकण्याचे कारण नाही.

खासगी वकील निवडताना कॅलिफोर्निया स्टेट बारच्या संकेतस्थळावर त्याचे नाव टाकून परवाना चालू आहे का, शिस्तभंगाची नोंद आहे का, आणि फौजदारी कायद्याचे प्रमाणित तज्ज्ञत्व आहे का हे पाहावे. मग त्याला विचारावे की याच काउंटीत २७३.५ ची प्रकरणे त्याने चालवली आहेत का, हजेरीला तो स्वतः उभा राहील की कनिष्ठाला पाठवील, आणि ठरलेली फी प्राथमिक सुनावणीपर्यंतची आहे की खटल्यासह. हा शेवटचा प्रश्न न विचारल्यामुळे मधल्या टप्प्यावर दुसरी मोठी रक्कम मागितली गेली की कुटुंबे हतबल होतात. करार लेखी असावा. निकालावर अवलंबून फी ठेवणे फौजदारी प्रकरणात निषिद्ध आहे, आणि निकालाची हमी देणारा वकील भेटला, तर त्या भेटीतूनच उठून यावे. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीचा मराठी वकील असेल तर आनंद आहे, पण तो घरखरेदीचे किंवा मृत्युपत्राचे काम करणारा असेल तर त्याच्याकडून फक्त चांगली नावे घ्यावीत. जामिनाची पूर्ण रक्कम न्यायालयात भरल्यास ती हजेऱ्या नीट दिल्यावर परत मिळते; बेल बाँडवाल्याकडून, म्हणजे फी घेऊन जामीन राहणाऱ्या व्यावसायिकाकडून, घेतल्यास साधारण दहा टक्के त्याला द्यावे लागतात आणि ते परत येत नाहीत. म्हणून हजेरी एक-दोन दिवसांवर असेल, तर न्यायाधीश जामीन कमी करतात का ते पाहून मग पैसे भरणे कधी कधी शहाणपणाचे ठरते. वकिलाला विचारून ठरवावे.

आपला मुख्य प्रश्न कबुलीचा आहे. बहुतेक प्रकरणे खटल्याशिवाय, सरकारी पक्षाशी तडजोड होऊनच संपतात, त्यामुळे कबुली कधीच देऊ नये असे मी म्हणणार नाही. पण नागरिक नसलेल्या माणसासाठी किती दिवस तुरुंगात जावे लागते यापेक्षा कोणत्या कलमाखाली, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या शिक्षेवर कबुली दिली हे महत्त्वाचे असते. पहिल्याच आठवड्यात सरकारी पक्ष म्हणतो, तुरुंगवास नाही, प्रोबेशन (न्यायालयाच्या अटींवर बाहेर राहणे) आणि बावन्न आठवड्यांचा समुपदेशन वर्ग. मुलाला सोमवारी कामावर हजर व्हायचे असते, तो हो म्हणतो. फौजदारी दृष्टीने ही शिक्षा सौम्य असते, पण इमिग्रेशन कायद्यात 'कौटुंबिक हिंसाचाराचा गुन्हा' सिद्ध झाला की एका दिवसाचाही तुरुंगवास नसताना हद्दपारीची कारवाई होऊ शकते. त्यातच शिक्षा एक वर्षाची किंवा अधिक ठरली, मग ती प्रत्यक्षात स्थगित का असेना, तर हिंसेचा गुन्हा 'अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी' या वर्गात जातो आणि बचावाची जवळजवळ सर्व दारे बंद होतात. म्हणून आम्ही वकील ३६५ ऐवजी ३६४ दिवस लिहून घेण्यासाठी भांडतो; त्या एका दिवसाने आरोपीच्या तुरुंगवासात फरक पडत नाही, पण देशात राहण्याच्या हक्कात पडू शकतो. कलमही तसेच महत्त्वाचे आहे. जोडीदाराला साधा अनिष्ट स्पर्श केल्याचे कलम २४३(ई)(१) आपोआप कौटुंबिक हिंसाचाराचा गुन्हा ठरत नाही, असे कॅलिफोर्निया ज्याच्या कक्षेत येते त्या नवव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने २००६ मध्ये 'ऑर्टेगा-मेंडेझ' प्रकरणात मानले. म्हणजे एकाच घटनेवर, एकाच प्रोबेशनवर, दोन कबुल्यांचे परिणाम पूर्ण वेगळे होऊ शकतात.

आणखी एक सापळा आहे. 'आता कबुली द्या, वर्षभर वर्ग करा, मग प्रकरण रद्द होईल' असा प्रस्ताव आला, तर राज्याच्या नोंदीतून ते पुढे पुसले जाईल. इमिग्रेशनच्या व्याख्येत मात्र कबुली आणि तिच्यामुळे लादलेले कोणतेही बंधन, एवढ्यानेच गुन्हा सिद्ध झाला असे धरतात. 'नो कॉन्टेस्ट', म्हणजे गुन्हा कबूल नाही पण आरोपाला विरोधही नाही, असे म्हटल्यानेही सुटका होत नाही. वकिलाने हे सांगणे आता त्याचे कर्तव्यच आहे. 'पाडिया विरुद्ध केंटकी' या २०१० च्या निकालात ग्रीन कार्डधारक आरोपीला त्याच्या वकिलाने 'इतकी वर्षे इथे आहात, काळजी नको' असे सांगितले होते आणि त्याच्यापुढे हद्दपारी उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने असा सल्ला घटनेला अपेक्षित दर्जापेक्षा कमी ठरवला. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने तर सरकारी पक्षानेही तडजोडीत इमिग्रेशनचे परिणाम विचारात घ्यावेत असे सांगितले आहे. त्यामुळे कबुलीपूर्वी फौजदारी वकिलाने इमिग्रेशन वकिलाचे लेखी मत घ्यावे असा आग्रह धरा. कंपनीचा इमिग्रेशन वकील या कामी चालणार नाही, कारण त्याची बांधिलकी कंपनीशीही आहे.

व्हिसाबाबत: केवळ अटकेमुळे परराष्ट्र खाते पासपोर्टवरील व्हिसा रद्द करू शकते आणि तसा ईमेल येतो. त्याने अमेरिकेत राहण्याची मुदत आपोआप संपत नाही, पण देशाबाहेर गेल्यावर नवा व्हिसा मिळाल्याशिवाय परतता येत नाही. खटला चालू असताना न्यायालयाला आणि वकिलाला न विचारता भारतात येणे म्हणूनच धोक्याचे. पुढे प्रत्येक व्हिसा अर्जात कधी अटक झाली होती का, हा प्रश्न येईल, आणि खटला निकाली निघाला तरी उत्तर 'हो' असेच द्यावे लागेल. न्यायालयाच्या अंतिम आदेशाच्या प्रमाणित प्रती तेव्हाच काढून ठेवाव्यात.

शेवटी आपल्या येण्याविषयी. मुलाने मागणी केल्यास सॅन फ्रान्सिस्कोतील भारतीय वाणिज्य दूतावासाला पोलिसांनी कळवावे, असा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिलेला आहे. दूतावास त्याची विचारपूस करील, पण वकिलाचे काम तो करीत नाही. आपण आलात तर मुलासाठी वेगळ्या ठिकाणी राहण्याची सोय करणे, वकिलाच्या कार्यालयात कागद पोहोचवणे आणि हजेरीच्या दिवशी न्यायालयात मागच्या बाकावर शांत बसणे, एवढा आपला उपयोग मोठा आहे. मात्र वकिलाच्या भेटीत मुलाला आत एकटे जाऊ द्या, कारण तिसऱ्या माणसासमोर झालेल्या बोलण्याची गोपनीयता धोक्यात येऊ शकते. सुनेच्या घरी उतरू नका. येण्यापूर्वी मुलाचे नियुक्तीपत्र, पगाराच्या पावत्या, आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची नोंद) आणि सर्व व्हिसांच्या प्रती गोळा करून वकिलाकडे पाठवा; जामिनाच्या सुनावणीत त्या पहिल्याच दिवशी लागतात.